सारंगाचं घड्याळ

"हे तिकीट चुकलंय," जावईबापूंनी प्रिंटआउट माझ्या टेबलावर आपटली. "बुधवारी रात्री नऊला टोरंटो सोडतो आणि शुक्रवारी सकाळी अकराला मालवणात? दीड दिवस? बैलगाडीने आणताय का?"

मालवणच्या बाजारात मी वीस वर्षं विमानाची तिकिटं काढतोय. हे गृहस्थ एका कचेरीतून साहेब म्हणून रिटायर झालेले. साहेबपण मात्र अजून उतरलेलं नाही. त्यांचे सासरे तात्या अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस सांगितले होते. एकुलता मुलगा सुहास टोरंटोहून निघत होता. यापेक्षा लवकरचं तिकीट मिळतच नव्हतं.

जावईबापूंनी मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. "दिल्ली साडेअकरा हजार किलोमीटर. विमान ताशी नऊशे. तेरा तास. म्हणजे गुरुवारी सकाळी दहाला दिल्ली आणि चारला दारात."

मी समजावलं. टोरंटोचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे. तिथे बुधवारी रात्रीचे नऊ, तेव्हा इथे गुरुवारची सकाळ उजाडलेली. हवेत चौदा तास, म्हणजे दिल्लीत उतरायलाच गुरुवारची रात्र. मग इमिग्रेशन, बॅगा आणि गोव्याचं कनेक्शन, म्हणजे पुढचं विमान. ते सकाळी सहाला, तोवर विमानतळावर बसून राहायचं. शेवटी गोव्याच्या मोपा विमानतळाहून मालवण दोन तास गाडीने.

"मला शिकवू नका. तीस वर्षं मुंबईला येऊन-जाऊन आहे. रातराणीत बसलं की सकाळी मालवण. घड्याळ कधी बदलावं लागलं नाही."

आमच्याकडे अख्खं जग मुंबईच्या गाडीने मोजतात.

त्यांनी घरी जाऊन जाहीर केलं, गुरुवारी चारला सुहास दारात. तात्यांनाही सांगितलं. माझं डोकंच फिरलं. मुलासाठी जीव धरून राहिलेल्या माणसाला खोटी वेळ सांगायची, आणि ती टळली की त्याने काय समजायचं? गुरुवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांच्या घरी गेलो.

तात्या डोळे मिटून पडले होते. मी शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तेच बोलले.

"जावय म्हणतत, सुहास चारला येतलो. खंयच्या घड्याळात?"

तात्या परदेशी जहाजांवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम. भर समुद्रात दर दोन-चार दिवसांनी घड्याळ पुढे-मागे करण्यात उमर गेलेली. मी त्यांना विमान सुटायची आणि गोव्याच्या कनेक्शनची वेळ सांगितली. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं.

"म्हणजे फाल्या, शुक्रवारी, जेवणाआधी. बरा. तवसर रवतंय." मग म्हणाले, "माका कोणी इचारल्यानच नाय."

दुपारी चारला जावईबापू फाटकात उभे. साडेचारला मला फोन.

"विमान कुठे आहे?"

"आकाशात," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

शुक्रवारी अकराला दहा कमी असताना सुहास पोचला. तात्या त्याच्या हातून दोन चमचे पेज प्यायले. रविवारी गेले.

जावईबापू अजून सगळ्यांना सांगतात, विमान एकोणीस तास लेट झालं. ते दिल्लीत दहा मिनिटं आधी उतरलं होतं.

अंतराला वेगाने भागायला मोबाईल पुरतो. माणूस दारात कधी येईल, हे मात्र घरात जो जग फिरून आलाय त्याला विचारावं. तो अंथरुणावर असला तरी.