खिडकीवरची फिल्म

वहिनीने एमआरआयची फिल्म हॉलच्या खिडकीला धरली, तेव्हा तिच्या मेंदूच्या चित्रामागून एक कबुतर डुलत चालत गेलं. "बघ, काय काय भरलंय माझ्या डोक्यात," ती म्हणाली. मला हसू आलं, पण माझी नजर कडेच्या पांढऱ्या डागावरून हलत नव्हती.

तिच्या ट्यूमरला रेडिएशन देऊन झालं आहे. डॉक्टर म्हणाले, हा डाग म्हणजे ट्यूमर परत आला असेल, किंवा तो नुसता रेडिएशनचा व्रण असेल. एका फिल्मवर दोन्ही सारखेच दिसतात. दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय काढू आणि दोन्ही फिल्म शेजारी ठेवून बघू.

एवढ्या मोठ्या मशीनलाही एका भेटीत कळत नाही, याचा मला आधी राग आला. मग ते डॉक्टर आवडले. उपचाराची खूणही आजारासारखीच दिसत असेल, तर घाईने नाव न देणं हेही जाणकाराचंच काम.

"भीती वाटते?" मी विचारलं. असलं मी सहसा कोणाला विचारत नाही.

"वाटते की. पण तुला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा वाटलं होतं, इंग्रजी शाळेतली नणंद, भलतीच शिष्ट दिसतेय. तोंडातून शब्द फुटत नव्हता तुझ्या."

"मग?"

कबुतर उडून गेलं. डाग तिथेच होता. वहिनीने फिल्म खाली घेतली नाही.

"मग काय, पुन्हा पाहिलं."