चातुर्मासात भरणारं कॉलेज

आमच्या कॉलेजचा पहिला तास लग्नाच्या स्टेजवर झाला. विषय अकाउंट्स. माझ्या बायकोने आधी नवरा-नवरीच्या दोन लाल मखमली खुर्च्या ओढून बाजूला केल्या, मग चाकांवरचा फळा मध्ये आणला. पोरं हसायला लागली. मागून एक जण ओरडला, "मॅडम, मंगलाष्टकं कोण म्हणणार?"

"ज्याचा ट्रायल बॅलन्स जुळणार नाही, तो," ती म्हणाली. मग कुणी हसलं नाही.

आज त्या कॉलेजचं विद्यापीठ झालंय. स्वतःच्या नावाने पदव्या देतं. समारंभात पाहुणे भाषण करतात की, दूरदृष्टीच्या मंडळींनी जमीन दिली आणि विद्यापीठ उभं राहिलं. पहिल्या रांगेत बसून मी ते ऐकतो आणि माझं डोकं फिरतं. जमीन शेवटी आली. आधी आले ते त्या स्टेजवर उभे राहून शिकवणारे लोक. त्यांना शिक्षक म्हणायचं की नाही, यावरून मी एका माणसाशी अर्धं आयुष्य भांडलो. तेच इथे सांगणार आहे.

मी स्वतः बारावीच्या पुढे शिकलो नाही. आचोळ्याला फरश्यांचं दुकान होतं. नालासोपाऱ्यात तेव्हा इमारतींमागून इमारती उठत होत्या आणि प्रत्येक बिल्डर फुकटात फरशी मागत होता. त्यांच्याशी घासाघीस करून माझी जीभ धारदार झाली. बायको एका ज्युनियर कॉलेजात शिकवायची आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घ्यायची. बारावी झालेल्या मुली तिच्याकडे येऊन रडायच्या. वसईतलं जुनं कॉलेज भरलेलं असायचं आणि मुंबईला पाठवायला घरचे तयार नसायचे. एक दिवस ती मला म्हणाली, "अहो, एवढ्या लोकांच्या घरात फरश्या घातल्यात, आता एका कॉलेजात घाला."

जागा घ्यायची ऐपत नव्हती. आमच्या दुकानासमोर एक मंगल कार्यालय होतं. मालक वाडीवाल्यांपैकी, केळी आणि फुलांची बाग असलेला. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत त्याच्या हॉलमध्ये कबुतरं राहायची. मी त्याला गाठलं.

"चातुर्मासात हॉल मला दे."

"कशाला? चातुर्मासात कुणाचं लग्न लावतोस?"

"कॉलेज भरवतो."

"लग्नाची माणसं जेवून जातात. तुझी पोरं रोज येणार. भिंतीला पाय लावून उभी राहणार."

"रंग मी देतो."

"फळा भिंतीला ठोकायचा नाही. नवरा-नवरीच्या मागे फळा आला की फोटो बिघडतात."

"चाकं लावतो फळ्याला."

दोन कप चहात सौदा झाला. पहिलं सत्र त्याच्या हॉलमध्ये. पौषातही तो मोकळाच, म्हणून तोही महिना मिळाला. उरला प्रश्न उन्हाळ्याआधीच्या अभ्यासाचा, म्हणजे नेमका लग्नसराईचा. त्यासाठी मी रेल्वेच्या पश्चिमेला गेलो. तिथे कॅथलिक गावातला एक हॉल होता. ते लोक उपवासकाळात लग्न करत नाहीत. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत हॉल रिकामा, आणि आमची परीक्षेची तयारी त्याच आठवड्यांत. हॉल बघणारा म्हातारा म्हणाला, "उपासाच्या दिवसांत अभ्यास म्हणजे पोरांना दुप्पट प्रायश्चित्त की रे!" पण दिला. दोन धर्मांनी आपापल्या नियमांनी मला शैक्षणिक वर्ष आखून दिलं. दोन्हींच्या मध्ये जे दिवस उरायचे, तेव्हा आमच्या दुकानाच्या गच्चीवर ताडपत्रीखाली वर्ग भरायचे.

शिकवायला माणसं मिळाली ती अशीच. नोकरी शोधणारे तरुण, मूल मोठं झाल्यावर परत उभी राहिलेली एक इंग्रजीची बाई, अर्नाळ्याहून येणारा एक अर्थशास्त्रवाला, ज्याच्या डब्यातल्या सुकटीचा वास अख्ख्या हॉलला लागायचा. आज कुठल्या हॉलला जायचं, हे ते कॅलेंडर बघून ठरवायचे. प्रत्येकाला मी रीतसर नेमणूक दिली होती. पगार थोडा, पण नेमणूक पक्की. त्या काळात हा हट्ट बायकोचा होता आणि तो किती मोलाचा, ते मला फार उशिरा कळलं.

वसईतल्या जुन्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष आम्हाला 'अक्षता कॉलेज' म्हणायचे. सभेत म्हणायचे, "तिथे पास झालेल्यांच्या डोक्यावर अक्षता टाकतात म्हणे." लोक हसायचे. आम्ही ज्या विद्यापीठाशी संलग्न होतो, त्याच्या पाहणी समितीवर हेच गृहस्थ असायचे.

आम्ही दुसरी तुकडी मागितली. मुलींची रांग लागली होती. समिती येणार असं कळलं, तारीखही कळली, आणि मी कपाळावर हात मारला. पौष संपल्यानंतरचा पहिला मोठा मुहूर्त, आणि कॉलेजचा नोंदलेला पत्ता त्याच मंगल कार्यालयाचा. तारीख बदला म्हणून मी हातापाया पडलो. बदलली नाही. वधूपित्याकडे गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, तुमच्या समितीसाठी मी मुलीला उभी ठेवू?" त्याचंही खरंच होतं.

समिती दारात आली आणि वधूकडच्या बायकांनी तिला वरपक्ष समजून गुलाबपाणी शिंपडलं. हातात पेढे दिले. अध्यक्षांनी पेढा खाल्ला, रुमालाने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "ग्रंथालय कुठे आहे? नवरदेवाच्या खोलीत?"

खरंच नवरदेवाच्या खोलीत होतं. कपाटांवर आम्ही चादरी टाकल्या होत्या आणि त्यांवर कुणीतरी फेटे वाळत घातले होते. बँड सुरू झाला. अर्थशास्त्रवाला पुढे येऊन काही समजावत होता, त्याला अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही कोण? आचारी?"

तुकडी नाकारली गेली. रांगेतल्या मुली घरी गेल्या. त्यांतल्या काहींची त्याच वर्षी लग्नं झाली. एकीचं तर त्याच हॉलमध्ये. मी अक्षता टाकायला गेलो होतो. जेवलो नाही.

त्या दिवसापासून मी झपाटल्यासारखा धंदा केला. फरशीतून बांधकामात गेलो. कामाच्या मोबदल्यात बिल्डरांकडून गाळे घेतले, गाळ्यांचे मजले केले, आणि आचोळ्यात कॉलेजची स्वतःची इमारत उभी राहिली. पुन्हा तुकडी मागितली, मिळाली. मग संगणक आला, व्यवस्थापन आलं, फार्मसी आली. पालघरपासून भाईंदरपर्यंतची पोरं यायला लागली. मुंबईला पोरं पाठवणारे नोकरदार आईबाप आता आमच्याकडे फॉर्मसाठी फोन करायला लागले. स्टेजवरचे शिक्षक विभागप्रमुख झाले. पण दर वर्षी नव्या समित्या यायच्या आणि जुने टोमणे घेऊन यायच्या. मला स्वतःचं विद्यापीठ हवं होतं, कुणाची समिती माझ्या लोकांना आचारी म्हणू शकणार नाही असं.

त्यासाठी जमीन लागते. शहरात तेवढी सलग जमीन माझ्याकडे नव्हती. ती होती जुन्या संस्थेकडे, गास गावाच्या वाटेवर, कधीकाळी वाडीवाल्यांनी दान दिलेली. संस्थेकडे जमीन होती, विद्यार्थी नव्हते. वर्ग ओस पडत चालले होते. शेवटी त्यांच्याच एका विश्वस्ताने निरोप धाडला, एकत्र येऊन काही करता येईल का?

मी आणि बायको गेलो. अध्यक्ष आता खूप म्हातारे, पण आवाज तोच. "या, टाइल्सवाले."

"आलो, सर."

जमिनीचा दीर्घ करार, जुन्या इमारतीवर संस्थेचं नाव, असं एकेक ठरत गेलं. मी कुरकुर करत एकेक सोडत होतो, कारण मला हवं होतं ते शेवटी मागायचं होतं. दोन्हीकडचे शिक्षक एका यादीत येणार. त्या यादीत वर कोण? विद्यापीठात त्यावर सगळं ठरतं. विभाग कुणाकडे, मंडळांवर कोण, आणि कोणाच्या पुढे कोण चालणार.

अध्यक्ष म्हणाले, "आमची संस्था जुनी. आमचे प्राध्यापक वर, तुमचे खाली. यात चर्चा कसली?"

घरून निघताना मी बायकोला बजावलं होतं की तिथे आपण शांत राहायचं आणि फक्त एक वाक्य बोलायचं: दोन्हीकडची ज्येष्ठता नेमणुकीच्या तारखेने लावा. वाक्य साधं होतं आणि त्यात सगळा डाव होता. त्यांची संस्था जुनी होती, माणसं नव्हती. त्यांचे जुने प्राध्यापक केव्हाच निवृत्त झाले होते, आता होते ते बहुतेक नवे. सगळ्यात जुन्या नेमणुका माझ्याकडे होत्या, हॉलमधल्या.

पण ते वाक्य माझ्या तोंडातून निघायच्या आधी अध्यक्ष विश्वस्तांकडे बघून हसले. "यांचे मास्तर मांडवातले. स्टेजवर उभं राहणं ही काय नोकरी झाली?"

माझा तोल गेला. "पाहणीची ती तारीख कुणी काढली होती, सर? आज सांगाच."

"मीच काढली," ते म्हणाले. अगदी खुशीत. "पंचांग काढून बसलो होतो. पेढा चांगला होता हं!"

कुणी हसलं नाही. एक विश्वस्त खिडकीबाहेर बघायला लागला. मी उठलो. सौदा करताना उठून जाणं ही माझी जुनी चाल आहे, दाराशी गेलं की समोरचा हाक मारतो. पण त्या दिवशी ती चाल नव्हती. मी खरोखर निघालो होतो, जमीन गेली खड्ड्यात.

"अहो, गाडीत बसा," मागून बायको म्हणाली. "मी आलेच."

गाडीत बसून मी स्टिअरिंगवर मुठी आपटत होतो. ती बरीच उशिरा आली, पदर सारखा करत बसली.

"काय झालं?"

"मी म्हटलं, नेमणुकीच्या तारखेने लावा, दोन्हीकडची, कुणावर अन्याय नको. ते म्हणाले, हे कसं न्यायाचं बोललात बाई, नाहीतर तुमचे यजमान. सही केली."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी. चला आता, घरी दूध तापवायचंय."

मी गाडीच्या काचा बंद केल्या आणि एवढ्या मोठ्याने ओरडलो की वॉचमन धावत आला.

यादी तयार झाली तेव्हा अध्यक्षांचा फोन आला. "फसवलंत तुम्ही आम्हाला."

"सही तुमची आहे, सर. यादी तुमच्याच कारकुनाने केली."

"बाईंनी फसवलं."

"बाई अकाउंट्स शिकवतात," मी म्हणालो. "त्यांचा हिशोब जुळतो."

मंजुरीला वेळ लागला. कागद घेऊन मी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्या, कुठे हात जोडले, कुठे आवाज चढवला. शेवटी विधेयक मंजूर झालं आणि गासच्या त्या मोकळ्या रानात पाया खणला गेला. फरशी मी स्वतः निवडली. दुकानदारांना घाम फोडला.

पहिल्या पदवीदान समारंभात मिरवणूक निघाली. रिवाज असा की, शिक्षक ज्येष्ठतेने चालत येतात आणि ते आत येताना सभागृह उभं राहतं. झगे घालून सगळ्यात पुढे माझी बायको, तिच्यामागे इंग्रजीची बाई, मग अर्थशास्त्रवाला. केस पिकलेले, चाल सावकाश. जुन्या संस्थेचे तरुण प्राध्यापक त्यांच्या मागून. मुलं, आईबाप, वाडीवाले, कोळणी, सगळे उठले. पहिल्या रांगेत अध्यक्ष बसून होते. काठी गुडघ्यांत धरून त्यांनी अर्थशास्त्रवाल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी नजर हलवली नाही. कोकरासारखं वागायला मी तिथे गेलो नव्हतो.

शेजारच्या विश्वस्ताने त्यांना आधार द्यायला हात पुढे केला. त्यांनी तो झटकला आणि काठीवर भार देऊन स्वतः उठले. सगळ्यात शेवटी, पण उठले. मिरवणूक स्टेजवर चढेपर्यंत उभे राहिले.

मी एवढा हसत होतो की, स्टेजवरून बायकोने भुवया उंचावून मला तोंड मिटायची खूण केली. फोटो निघत होते. मी मिटलं नाही. तो फोटो आता माझ्या केबिनमध्ये लावलाय.