रिकव्हरीला वेळ लागतो

कुठलंही दुखणं घेऊन या, आधी त्याच्या शर्टाच्या खिशातून खोडरबर निघायचं. शाळेतल्या पोरांचं असतं तसलंच, पांढरं, एका कोपऱ्यात काळं पडलेलं. "आधी रॅम घासू," तो म्हणायचा. मग कॉम्प्युटरच्या पोटातली ती बोटभर पट्टी काढायची, तिच्या पिवळ्या दातांवरून खोडरबर फिरवायचं, फुंकर मारायची आणि पट्टी परत बसवायची. गेममधला रस्ता धूसर दिसत असो, माणसं लुकलुकत असोत, पडदा मध्येच काळा पडत असो, सुरुवात खोडरबरानंच. त्यानं भागलं नाही तर दुसरा आणि शेवटचा उपाय. "फॉरमॅट मारू. लख्ख होईल."

फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसून नव्यानं भरायचं. तुमच्याही गावात असा एक असणार. नसला तर तुम्ही नशीबवान आहात.

धाराशिवात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. शेजारचा कॉम्प्युटर दुरुस्तीचा गाळा त्याचा. मध्ये फक्त प्लायवूड. त्यामुळं त्याची सगळी डॉक्टरकी मी रोज ऐकत आले, नको असताना. त्याचं नाव सांगत नाही. तो काही वाचत नाही, पण त्याची बायको वाचते आणि ती बाई चांगली आहे.

एका बँकेतला कॅशियर त्याच्याकडं यायचा. दिवसभर नोटा मोजून घरी गेला की गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा. त्याची तक्रार अशी, की गाडी जोरात पळवली की रस्ता पुसट होतो.

"दोनशेनं पळवताव आन रस्ता साफ पायजे?" हा त्यालाच झापायला लागला. "तुळजापूरच्या घाटात ऐंशीनं पळवून बघा, साफ दिसतंय का."

आता गंमत बघा, तो चुकून बरोबर बोलला होता. वेगात धूसर दिसावं म्हणून गेममध्येच एक बटण असतं, ते बंद केलं की झालं. कॅशियरला हे पुढं त्याच्या पुतणीनं दाखवलं. पण आपण बरोबर आहोत हे ह्यालाच कुठं माहीत? त्यानं रॅम घासली आणि फॉरमॅट मारला.

मग ते दातांचे डॉक्टर. त्यांनी पुण्याहून भारीतलं ग्राफिक्स कार्ड मागवलं होतं. बसवलं ह्यानंच. तरी गेम अडखळायचा, चित्र तुटायचं. तीनदा फॉरमॅट झाला. फोनवर सोलापूरच्या कुणाला तरी हिंदीतून शिव्या घालून झाल्या. शेवटी डॉक्टरांच्या दवाखान्यात चिठ्ठ्या फाडणारी मुलगी म्हणाली, "सर, मॉनिटरची वायर वरच्या जुन्या भोकात हाय. ह्या नव्या डब्याला बी खाली एक भोक हाय की." तिनंच वायर काढून खाली लावली. गेम लोण्यासारखा चालायला लागला. आपण असतो तर जमिनीत गेलो असतो. हा काय म्हणाला?

"फॉरमॅटचा असर व्हायला जरा वेळ लागतो."

मला त्याचा खरा राग यायचा तो त्याच्या बेफिकिरीचा. माणसं आपलं काहीबाही त्या यंत्रात साठवून ठेवतात आणि हा पुसून टाकतो. कुणी घाबरत विचारलंच, की भाऊ, आतलं काही जाणार नाही ना, तर त्याचं ठरलेलं भाषण असायचं. "हे बघा, सी म्हंजे अंगण, डी म्हंजे कोठी. आपण फक्त अंगण झाडतो. अंगण झाडलं म्हणून कोठीतली ज्वारी जाती व्हय?" सी आणि डी हे कॉम्प्युटरचे दोन कप्पे. लोक मान डोलवायचे. मीही कित्येक वेळा हसून डोलवली आहे.

आता आबांचं सांगते. आबा म्हणजे माझे सासरे. माकणीकडची आमची चांगली जमीन, काळी, पाण्याची, धरणात गेली. राहिली ती मुरमाड, ती धाकट्या दिराकडं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आबा आमच्याकडं शहरात आले आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी बघत बसायला लागले. माझा मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात शेतीचा एक गेम होता. ट्रॅक्टर चालवायचा, नांगरायचं, पेरायचं, काढायचं. तो पेनड्राइव्हमधून टाकून दिला होता ह्या आमच्या शेजाऱ्यानंच, फुकटातला. पहिले काही दिवस आबा नाक मुरडायचे. एक दिवस म्हणाले, "पोरी, ह्याच्यात हीर पाडता येती का?"

येत होती. विहिरीशिवाय झाडंही लावता येत होती, बांध घालता येत होते, उतार करता येत होता. तीन वर्षं ते दुपारी जेवण झालं की बसायचे. मला वाटायचं म्हातारा खेळतोय, बरं आहे, वेळ जातोय. एकदा चहा द्यायला गेले तर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "हे आपलं वरचं वावर. हिथं हीर. हिथं दोन चिंचा. तुज्या सासूनं लावल्यात्या." तेव्हा कळलं काय चाललंय ते. मी लग्न होऊन आले तेव्हा ते वावर पाण्याखालीच होतं. मी ते पहिल्यांदा बघितलं ते असं, हातात चहाचा कप घेऊन. मला तिथं उभं राहवेना.

मग गेल्या साली एका दुपारी आबांनी हाक मारली. "वावर लुकलुकायलंय." खरंच, ट्रॅक्टर चालला की सगळं चित्र मिचमिच करायचं, मध्येच काळं व्हायचं. म्हाताऱ्याचे डोळे पाणावायला लागले. मी सीपीयू रिक्षात घातला आणि शेजारी नेला. दुसरीकडं न्यायचं सुचलं नाही, ही माझी अक्कल.

तीनदा सांगितलं. "भाऊ, ह्याच्यात आबांचं शेत हाय. तीन वर्षांचं हाय. फॉरमॅट मारू नका."

"वहिनी, आपण काय नवं हाव का?" तो म्हणाला. खोडरबर हातात होतंच.

त्या दिवशी कसल्या तरी परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख होती. माझ्या दारात रांग. प्लायवूडपलीकडं काय चाललंय तिकडं माझं लक्ष नव्हतं. खोटं कशाला बोलू, एकदा उठून बघायला पाहिजे होतं, नाही उठले. संध्याकाळी तो सीपीयू घेऊन आला आणि म्हणाला, "झालं. लख्ख."

घरी आणून लावला. डीमधला गेम जागच्या जागी होता. उघडलाही. आणि खेळाडूचं नाव विचारायला लागला. पुढं नुसतं रान, ओसाड, कुणाचंच नसलेलं. गेम होता कोठीत, पण शेत जाऊन साठत होतं अंगणात. ह्या शहाण्यानं ते झाडून टाकलं होतं. वरून लुकलुकणं तसंच होतं, आणि फॉरमॅटनंतर चित्र नीट दाखवणारा प्रोग्रॅम, ड्रायव्हर म्हणतात तो, टाकायला विसरला म्हणून आता सगळं धूसरही दिसत होतं.

आबांनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाले, "मागच्या येळी नोटीस तरी आली होती."

दुसऱ्या दिवशी मी सीपीयू घेऊन, दुकान उघडायच्या आधी त्याच्या गाळ्यात शिरले. काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आबांचं नोटिशीचं वाक्यही सांगितलं. त्यानं सवयीनं खोडरबर काढलं, त्याच्याकडं बघितलं आणि परत खिशात ठेवलं. माफी मागेल असं वाटलं. छे. म्हणाला, "डेटा कुठं जात नसतोय, वहिनी. रिकव्हरी करावी लागंल. वेळ लागतो."

"किती?"

"मोठं शेत हाय. महिना, दीड महिना." मग कागद पेन पुढं केलं. "रिकव्हरीला माहिती लागती. हीर कुठल्या अंगाला होती? झाडं किती? बांध कसा गेलाय?"

"रिकव्हरीला झाडं मोजावी लागतात का?"

"सॉफ्टवेअरला सांगावं लागतं, मग ते तिथं शोधतंय."

मला आठवेल तसं मी सांगितलं. चार दिवसांनी प्लायवूडच्या फटीतून सॉफ्टवेअर बघितलं. हा माणूस दोन बोटांनी ट्रॅक्टर चालवत होता. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा, जन्मात कधी ढेकळावर पाय ठेवलेला नाही. ट्रॅक्टर बांधावर चढवायचा, उलटा घालायचा, स्वतःलाच शिव्या द्यायचा. गिऱ्हाइकं ताटकळायची. कॅशियर एकदा दोन तास बसून होता, शेवटी तोच शेजारी खुर्ची ओढून सांगायला लागला, की आता डावीकडं घ्या. एका दुपारी माझ्याकडं येऊन ह्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "वहिनी, हरभरा कवा पेरत्यात ओ?"

"का? रिकव्हरी अडलीय?"

"न्हाय, जनरल विचारलं," म्हणाला.

मी हसले, पण घरी काही बोलले नाही. आबा रोज विचारायचे, मी सांगायची, रिकव्हरी चालू आहे. तीन आठवडे झाल्यावर त्यांनी हट्टच धरला. मला दुकानात नेऊन बसव. रिक्षानं आणलं, माझ्या खुर्चीत बसवलं. पलीकडून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आबांनी कान दिला. त्यांचा चेहरा मी बघत होते. एकदा प्लायवूडकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्यांना सगळं कळलं. मग माझ्याशी बोलतोय असं दाखवत, पण चार दुकानं ऐकतील एवढ्या आवाजात म्हणाले, "पोरी, तुला म्हून सांगतो. हीर उगवतीला होती. चिंचा दोनच, बांधाच्या आत. आन नांगरताना येवढी घाई करायची नसती."

पलीकडचा ट्रॅक्टर थांबला. थोड्या वेळानं परत सुरू झाला, हळू.

त्यानंतर आबा आठवड्यातून दोनदा यायला लागले. खुर्चीत बसून मला शेती शिकवायचे. मला. ज्वारी कधी, तूर कुठं, पाणी कुठून कुठं वळवायचं. मी झेरॉक्स काढत हं हं म्हणायची. प्लायवूडपलीकडं ट्रॅक्टर तसतसा वळायचा. ते दोघं ह्या विषयावर एकमेकांशी तोंडानं कधी काही बोललेच नाहीत.

दीड महिन्यानं तो स्वतः सीपीयू घेऊन घरी आला, स्कूटरवर पायात धरून. जोडला. चित्र स्वच्छ होतं, ह्या वेळी ड्रायव्हर टाकला होता. वरचं वावर, बांध, दोन चिंचा, हिरवीगार तूर. आबा कडेकडेनं सगळं फिरून आले. विहिरीपाशी थांबले.

"हीर जरा सरकलीया," ते म्हणाले.

"रिकव्हरीत तेवढं सरकतंच, आबा."

"व्हय," आबा म्हणाले. "सरकायचंच."

तेवढ्यात पडदा लुकलुकला. त्याचा हात खिशाकडं गेला. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे ते खिशात." चहा मात्र दोनदा प्यायला लावला.

लुकलुकणं शेवटपर्यंत त्याला काढता आलं नाही, आणि हे मी त्याच्या तोंडावर सांगायची. तो म्हणायचा, "ते वीज मंडळाचं हाय." यंदा त्याच्या बायकोची बदली झाली, ती नर्स आहे. दोघं बीडकडं गेले. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तो नवा पोरगा शांत आहे, कुणाला झापत नाही, गाणी हेडफोनवर ऐकतो. मला दिवसभर करमत नाही. लिहितानाही राग येतो, पण नाही करमत.

दिवाळीला माझा मुलगा पुण्याहून आला. आबांचा पडदा लुकलुकताना बघितला आणि टेबल पुढं ओढलं. मागं मॉनिटरची वायर टेबल आणि भिंतीच्या मध्ये चेंगरून चपटी झाली होती. नवी वायर आणून लावली, दोन मिनिटांत लुकलुकणं गेलं. सीपीयू दुकानात जायचा तेव्हा ही वायर घरीच राहायची, म्हणून तिथं कधी काही दिसलंच नाही. एवढ्यासाठी तीन वर्षांचं शेत गेलं होतं. मी कपाळाला हात लावला.

मुलगा मग गेममध्ये काहीतरी बघत बसला. म्हणाला, "आजोबा, हे रिकव्हर केलेलं नाहीच. इथं लिहिलंय बघा, फॉरमॅटनंतर नव्यानं सुरू केलंय. पहिल्या दीड महिन्यातच कुणीतरी पावणेदोनशे तास बसून खेळलंय हे. तुम्हाला फसवलं त्यानं."

आबांनी त्याच्या हातातून माऊस काढून घेतला.

"तुला काय कळतंय त्यातलं," ते म्हणाले. "रिकव्हरच केलंय. लई येळ लागतो त्याला."

आणि ट्रॅक्टर सुरू करून त्यांनी तो सरकलेल्या विहिरीला वळसा घालून पुढं नेला.