तिसऱ्या महिन्याची ओटी

आमच्या देवासच्या घरात अजून बाजूला बसतात. आमचे हे मंदिरात पूजा करतात, नैवेद्य घरूनच जातो, म्हणून पाळावं लागतं. पाळी आली की मागल्या खोलीत चार दिवस. चटई वेगळी, तांब्या वेगळा. त्यामुळे घरातल्या बाईचं काय चाललंय ते लपत नाही. दूधवाल्यालासुद्धा कळतं, कारण तेवढे दिवस भगोनं घेऊन दुसरंच कोणी दाराशी येतं.

सून धारजवळच्या नालछ्याची. घर मराठीच, पण शाळा सगळी हिंदीत, म्हणून बोलणं अर्धं इकडचं अर्धं तिकडचं. लग्नानंतर एकदा बाजूला बसली, मग दोन महिने नाहीच. मी मनात धरून बसले होते. काही विचारायच्या आत तीच म्हणाली, "आई, तुम्ही उम्मीद नका लावू. माझं शाळेपासून असंच आहे. कधी तीन महिन्यांनी येते, कधी येतच नाही."

डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सोनोग्राफी केली, पडद्यावर मलापण दाखवलं. काळ्या गोलात कडेकडेने बारीक दाणे, मोत्याची माळ गुंडाळून ठेवावी तसे. म्हणाल्या, ह्याला पीसीओडी म्हणतात. बीज तयार व्हायला लागतं, पण पिकून बाहेर पडत नाही, तिथंच राहतं. मी म्हटलं, मग काढून टाका. त्या हसल्या. "मावशी, असं उपटून नाही काढता येत. साखर बंद करा, वजन उतरवा, गोळ्या घ्या, रोज चाला."

चालायला आमच्याकडे माताजींची टेकरी. सकाळी दोघी चढायचो. माझे गुडघे अर्ध्यातच नाही म्हणायचे, मग मी पायरीवर बसायची आणि ती वर जाऊन यायची. लोकांना वाटलं नवस आहे. नारळवाली रोज म्हणायची, "बेटा, माताजी जरूर सुणेगा." सून म्हणायची, "हौ मौसी, पहले वजन का काँटा सुन ले."

चेष्टा करायची, पण आत थकत होती. गोळ्यांनी मळमळायचं. मळमळून मोरीकडे धावली की शेजारीण माझ्याकडे बघून हसायची, आणि मला तिला सांगावं लागायचं की तसं काही नाही, दवाईचं आहे. हनुवटीवर केस यायचे, ते दोऱ्याने काढवून आली की दिवसभर ओढणी तोंडाशी धरायची. मग सुया सुरू झाल्या. एक दिवसाआड पडद्यावर बघायचं, दाणा मोठा झाला का. झाला की डॉक्टरीणबाई सांगायच्या, आता दोघांनी जवळ यायचं. मुलगा फॅक्टरीत, त्याला कामाची पाळी बदलून मागावी लागायची. साहेबाला काय सांगणार? वडिलांची तब्येत बरी नाही म्हणायचा. आमच्या ह्यांची तब्येत त्या वर्षी बसल्या जागी फार बिघडली.

एवढं करून दिवस राहिले नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थोडं थांबा, मग पुन्हा सुरू करू. थांबलो, तर पाळीही थांबली. घरी तपासायची पट्टी असते ती तिने करून बघितली. एकच रेघ. तिने ती कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकली आणि भाजी चिरायला बसली.

नवरात्रात धारहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या. त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, "भावजी, नैवेद्याला सोवळ्यात कोण आहे?" हे म्हणाले, "सूनच. तीन महिने झाले, एक दिवस सुटला नाही. फार नेमाची पोरगी आहे." ह्यांना एवढंच कळतं.

जाऊबाईंनी मनात हिशेब लावला. आमच्यात तिसरा महिना लागला की चोरओटी भरतात. बाहेरच्या कोणाला बोलवायचं नाही, आणि नजर लागू नये म्हणून तोंडाने उच्चारायचंही नाही. ती गुपचूप भरायची असते, म्हणून त्यांनी कोणाला विचारलं नाही. मी चक्कीवर गेले होते. त्यांनी सुनेला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, हिरवा खण, नारळ, तांदूळ ओढणीत घातले. तिला वाटलं, नवरात्राची ओटी असेल. डोकं झाकून बसली.

पिठाचा डबा घेऊन मी दारात आले तेव्हा जाऊबाई सांगत होत्या, "आता टेकरी बंद. जड उचलायचं नाही."

"का, मोठ्या काकू? टेकरी तर डॉक्टरनेच सांगितली."

"अग, तिसरा ना तुला."

सुनेने ओढणीतला नारळ सावरला. मग म्हणाली, "तिसराच आहे. पाळी नाही आली त्याचा तिसरा. पोटात काही नाही काकू. परसोंच पट्टी बघितली."

जाऊबाईंचं बोट कुंकवातच राहिलं. "मग मला कोणी सांगायचं नाही का, धाकटे?"

"तुम्ही विचारलंत कुठे," मी म्हटलं.

"हे परत देऊ का?" सुनेने विचारलं.

"भरलेली ओटी परत नाही घेत ग," जाऊबाई म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं. खण त्यांनी कधीपासून पेटीत जपून ठेवला होता.

सून उठली. एक दाणा सांडू न देता स्वयंपाकघरात गेली, तांदूळ डब्यात ओतले, हात धुतले. मग मला म्हणाली, "आई, मी आता डॉक्टरकडे नाही जाणार. सुई नको, पडदा नको. माझ्याने होत नाही."

मुलाने पुढल्या सोमवारची सुट्टी मागून ठेवली होती. पुन्हा सुरू करायचं ठरलं होतं. दुपारी जाऊबाई आडव्या झाल्या तेव्हा मी सुनेजवळ जाऊन बसले.

तिला सांगितलं, माझंही असंच होतं. धारला सून होऊन आले तेव्हा मला महिनोन् महिने यायची नाही. सासूबाई बोटं मोजायच्या, खूश व्हायच्या, मला दूध द्यायच्या. मग एक दिवस यायची आणि त्या माझ्याशी बोलणं टाकायच्या. दोनतीनदा असं झालं. मग मी ठरवलं, आली न आली, दर महिन्याला बाजूला बसायचं. चार दिवस बसायची, डोक्यावरून पाणी घ्यायची, कामाला लागायची. बोटं मोजायचं कारणच राहिलं नाही.

तिने माझ्याकडे बघितलं. "खोटं बसायचात? आणि सोवळं?"

"बाजूलाच बसत होते ना. देवाला शिवत तर नव्हते. त्यात देवाचं काय गेलं?"

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "आणि मग हे कसे झाले?" हे म्हणजे तिचा नवरा.

"नऊ वर्षांनी झाला. कसा झाला ते मला आजही माहीत नाही. कोणी काही दवा केली नव्हती."

"म्हणजे मलापण होईल?"

"ते मी कशी सांगू, बाई. माझ्यासारख्याच दोघी होत्या आमच्या मोहल्ल्यात, त्यांना नाही झालं."

ती ओढणीचं टोक गुंडाळत बसली. मग विचारलं, "तुम्हाला नातवंड नको का?"

"पाहिजे. खोटं कशाला बोलू. पण सुया तुला टोचतात."

संध्याकाळी मुलगा आला. मीच त्याला म्हटलं, सोमवारी जायचं नाही. तो बूट काढता काढता थांबला. "अग पण डॉक्टर म्हणतात उशीर नको. वय वाढतं."

"वाढू दे. तिला विचार."

तिने त्याला सांगितलं, सहा महिने काही करायचं नाही. टेकरी चढीन, कारण त्याने झोप लागते. गोळी पाळी येण्यापुरती घेईन. नंतर बघू, नाहीतर नाही बघू. त्याने दुसरा बूट काढला. मग म्हणाला, "ठीक है. मी पण थकलोय." दोघं जेवायला बसले. मी वाढलं.

जाऊबाई सकाळच्या बसने धारला गेल्या. जाताना सुनेच्या पाठीवरून हात फिरवला, आशीर्वाद काय द्यावा ते त्यांना सुचलं नाही.

सहा महिन्यांना मी हो म्हटलं आहे. तिला वेळ आहे. ह्या थंडीत माझा दम जिना चढताना तुटायला लागलाय, ते मी घरात कोणाला बोलले नाही. बोलले तर ती उद्याच पुन्हा सुया घ्यायला डॉक्टरीणबाईंकडे निघेल.