पप्पांनी चालवलेलं गाणं

दोन वर्षं माझ्याकडे एकही गाणं नव्हतं. गाण्यांच्या सुरुवाती मात्र ढिगाने होत्या.

मी अंधेरीच्या एका डबिंग स्टुडिओत नोकरी करते. मालिकांमधली दारं, पावलं, बांगड्या यांचे आवाज जागच्या जागी बसवणं हे माझं काम. दिवसभर दुसऱ्यांची दारं लावून झाल्यावर आपलंही काहीतरी असावं, म्हणून मी ते मशीन घेतलं. जेवणाच्या ताटाएवढं, वर सोळा रबरी चौकोन. एका चौकोनावर ढोल, दुसऱ्यावर टाळी, तिसऱ्यावर ट्रम्पेट, असे आवाज ठेवायचे आणि बोटांनी वाजवायचे. वाजवलेला पाच-दहा सेकंदांचा तुकडा मशीन लक्षात ठेवतं आणि आपण थांबवेपर्यंत परत परत वाजवत राहतं. त्या तुकड्याला पॅटर्न म्हणतात. असे बरेच पॅटर्न करायचे, ते एकापुढे एक लावायचे, की गाणं तयार. पहिला भाग मला मस्त जमायचा. दुसऱ्यापर्यंत मी कधी पोचलेच नाही. एक पॅटर्न जमला की तो ऐकत मान हलवण्यात माझा अख्खा रविवार जायचा.

गावठाणातलं आमचं घर लहान, त्यामुळे मशीन जेवणाच्या टेबलावर असायचं आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पेपर घेऊन पप्पा. पप्पा विमानतळावरच्या कार्गोमधून निवृत्त झालेत, पण गावठाणात त्यांना त्या नोकरीमुळे कोणी ओळखत नाही. तीस वर्षं सुट्टीच्या दिवशी त्यांनी लग्नाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवला. ट्रम्पेटवाल्याला लोक फर्माईश सांगायचे आणि ढोलवाल्याला जरा बाजूला सरकायला सांगायचे, असं मम्मी अजून म्हणते.

"हे मघाचंच आहे का?" पप्पा पेपरातून वर न बघता विचारायचे.

"नाही. यात टाळी वाढवलीय."

"अच्छा. मला वाटलं अडकलंय."

मग आतेबहिणीचं लग्न ठरलं. साड्या दाखवायला ती घरी आली आणि बोलता बोलता मला म्हणाली, "माझ्या रिसेप्शनच्या एन्ट्रीला तुझं गाणं पाहिजे. पण पूर्ण हां. तुझं ते ठकठक दोन वर्षं ऐकतोय आम्ही."

"देते ना," मी म्हणाले. मम्मीने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी आतेबहिणीच्या जागी लग्नच करते म्हणाले होते.

पुढचे तीन रविवार मी गाणं लावत बसले. हातात जे जे होतं ते सगळं त्यात घातलं. ढोल सुरू झाला, त्यावर टाळी आली, त्यावर ट्रम्पेट, त्यावर दुसरा ट्रम्पेट. जो आला तो शेवटपर्यंत बसून राहिला. चार मिनिटं झाल्यावर मी पप्पांना ऐकवलं. त्यांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला, ही गोष्टच मोठी होती.

"हा ट्रम्पेटवाला श्वास कधी घेतो?"

"पप्पा, तो मशीनमध्ये आहे. त्याला श्वास लागत नाही."

"ऐकणाऱ्याला लागतो ना. आणि ढोलवाला एवढा कशाला वाजवतोय? त्याला कोणी सांगितलं नाही का, बाजूला सरक म्हणून?"

मी चिडले. तीस वर्षं एकच आवाज काढलेल्या माणसाने मला शिकवू नये, असं काहीतरी म्हणूनही गेले. पप्पा हसले. "एकच आवाज होता म्हणून तर मला कळतं, तो कुठे काढायचा नाही ते. चल, चपला घाल."

लग्नाच्या आदल्या दिवशी बँड लावून विहिरीवरून पाणी आणायची आमच्या ख्रिस्ती गावठाणात पद्धत आहे. आत्याच्या घरापासून विहिरीपर्यंतच्या त्या रस्त्यावरून पप्पांनी मला चालवलं. रविवारची सकाळ होती, लोक मासळी घेऊन परतत होते आणि पप्पा मांडीवर हाताने ठेका धरून रस्त्याच्या मधोमध चालत होते. मी मागे, मोबाइलवर लिहून घेत.

"घरातून निघताना हळू," ते सांगत होते. "बायकांच्या साड्या नव्या असतात. नुसता ढोल. नाक्यावरच्या क्रॉसपर्यंत ट्रम्पेट उचलायचा नाही." क्रॉसपाशी त्यांनी हात वर केला, म्हणजे ट्रम्पेट आला. "आता चढ. चढावर फुंकणाऱ्याची वाट लागते, तेव्हा त्याला गप्प करायचा आणि ताशा पुढे काढायचा. लोकांना वाटतं मुद्दाम केलंय."

मी लिहिलं: पहिला पॅटर्न चार वेळा, दुसरा आठ वेळा, चढावर तिसरा. दोन वर्षांत मला न सुचलेली मांडणी आत्याच्या घरापासून रिक्षा स्टँडपर्यंतच निम्मी झाली होती.

मग एका बैठ्या घरापाशी पप्पांच्या हातातला ठेका थांबला. ते चालत राहिले, पण नुसतेच. या घरातले अंकल बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. सात-आठ महिन्यांपूर्वी गेले. वर्षाच्या आत ज्या घरातलं कोणी गेलंय, त्या घरासमोर वाजवायचं नाही, असा पप्पांच्या बँडचा रिवाज होता. मला तो माहीत होता, पण असा कानांनी कधी ऐकलेला नव्हता. मी पावलं मोजली. कुंपण संपेपर्यंत सोळा झाली. खिडकीतून आंटींनी विचारलं, "काय रे, काय मोजताय?"

"काही नाही, पोरीचं गाणं चालवतोय," पप्पा म्हणाले. कुंपण संपलं आणि त्यांचा हात मांडीवर इतक्या जोरात पडला की समोरचं कुत्रं उठून उभं राहिलं.

विहीर आता एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आहे. वॉचमनने अडवलं, "किसको मिलना है?"

"विहिरीला," पप्पा म्हणाले. ती कोणत्या मजल्यावर राहते ते तो विचारायला लागला, तेव्हा मी पप्पांना ओढून परत आणलं.

घरी येऊन मी गाणं नव्याने लावलं. मशीनमध्ये नुसती शांतता ठेवता येत नाही, तिचाही रिकामा पॅटर्न करावा लागतो आणि त्याला नाव द्यावं लागतं. मी "घर" असं नाव दिलं आणि तो सोळा ठोक्यांचा केला. संध्याकाळी गाणं पूर्ण झालं. पप्पांनी दोनदा ऐकलं आणि फक्त "चालेल" म्हणाले.

रिसेप्शन चर्चच्या मैदानात होतं. पप्पा तपकिरी सूटमध्ये, मी डीजेच्या टेबलापाशी. डीजेला मी दोनदा बजावलं होतं की मधे गाणं थांबेल, हात लावू नकोस. तो हो हो म्हणाला, पण हेडफोन कानावर ठेवून म्हणाला. नवरा-नवरी कमानीतून आत आले, ढोल सुरू झाला, ट्रम्पेट आला, सगळं जागच्या जागी. गाणं थांबलं. तीन सेकंदही झाले नसतील, डीजेला वाटलं लॅपटॉप लटकला. त्याने दुसरंच धडधडतं गाणं लावलं. मैदानाच्या मध्यावर नवरा नाचायला लागला. नवरी माझ्याकडे बघत उभी.

मी डीजेशी भांडायला तोंड उघडलं, तोवर पप्पा मैदानात पोचले होते. त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "परत बाहेर जा." नंतर नवरीला, "तू पण. पहिल्यापासून या." दोघं निमूट कमानीबाहेर गेली. लोक हसायला लागले. पप्पा येऊन डीजेच्या शेजारी उभे राहिले आणि आपला जाडजूड हात त्याच्या बटणांवर पसरून ठेवला.

दुसऱ्यांदा गाणं थांबलं तेव्हा मैदानात नवरीच्या पायातले पैंजण ऐकू आले. "लाइट गेली काय?" असं आत्याच्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या. पप्पांचे ओठ हलत होते. सोळा झाले, ढोल पडला आणि नंतर कोणाला कोणाचं ऐकू आलं नाही.

जेवताना आंटी माझ्या शेजारी येऊन बसल्या. पानातला पुलाव चिवडत म्हणाल्या, "तिथे आमचं घर आलं ना?" मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या ताटात आपल्या ताटातला मटणाचा तुकडा ठेवला आणि जेवणात मीठ कमी पडल्याचं बोलत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात मागच्या पाखाडीतून, म्हणजे मागच्या आळीतून, एक बाई घरी आल्या. मुलीच्या लग्नात एन्ट्रीला तसंच गाणं हवं होतं. मी खुर्ची पुढे केली, पण त्या पप्पांसमोर बसल्या.

"दोन महिने लागतील," पप्पा म्हणाले. "आणि मला आधी रस्ता बघायला लागेल."

"हॉल सातव्या मजल्यावर आहे," बाई म्हणाल्या. "लिफ्टने यायचंय."

पप्पांनी माझ्याकडे बोट केलं. "लिफ्टचं हिला विचारा," ते म्हणाले आणि पेपर उघडला.