गाडीच्या मापाचा पंजा

पितांबर नाना पहिल्यांदा दुकानात आले ते सुतळीची गुंडाळी घेऊन. मला वाटलं, काही बांधायला आणली असेल. विचारलं तर म्हणाले, "बांधाले नही, माय. माप शे हाई."

आमचं दुकान धुळ्याला, पारोळा रोडवर. पाटी नवऱ्याच्या नावाची, भूपेंद्र यांच्या. वेल्डिंग ते करतात, बोलायचं खातं माझ्याकडे. ट्रॉलीचे हूक, नांगराचे फाळ, पाण्याच्या टाकीचे स्टँड, ट्रॅक्टरला लागेल ते आम्ही बनवतो. माझं तोंड फटकळ आहे हे अख्ख्या रोडला ठाऊक आहे. गिऱ्हाईक चुकीचं माप घेऊन आलं की मला राहवत नाही. पुढे लोखंड वाकलं की शिव्या आम्हालाच पडतात ना!

नानांना हवा होता पंजा. ट्रॅक्टरच्या पुढच्या बकेटला बसवायचा, काटेरी झुडपं मुळासकट ओढून काढणारा. ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांचे दाते करतो आम्ही त्याला, वीत-वीत अंतर सोडून. दाते जवळ-जवळ घेतले तर झुडपाबरोबर माती येते, लांब घेतले तर काटा खालीच राहतो. मी विचारलं, ट्रॅक्टर कोणता? तर केळीच्या बागेत चालतो तसला छोटा, जावयाकडून जुना घेतलेला. त्यांची एकुलती एक मुलगी दिपमाला सावद्याला दिलेली, केळीवाल्यांच्या घरात. बकेट किती रुंद? ते माहीत नाही. मग ही सुतळी कशाची?

"आकाशनी गाडीनी," नाना म्हणाले. "आरसा धरीसन."

बाजूच्या आरशांसकट गाडीची रुंदी! हात जोडायची वेळ आली माझ्यावर. सहा फुटांच्या वर भरली ती सुतळी. आकाश म्हणजे त्यांचा पुतण्या, मोठ्या भावाचा मुलगा, जळगावला पिंप्राळ्यात फ्लॅट घेऊन राहतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना त्याच्याकडे गेले होते तेव्हा बिल्डिंगखाली उभ्या असलेल्या गाडीला सुतळी लावत बसले. वॉचमनने हटकलं, चोर समजून. हे सांगताना नाना स्वतःच हसत होते. मी काही हसले नाही. "नाना," म्हटलं, "पंजा ट्रॅक्टरच्या मापाने घेतात. बकेटएवढा, नाहीतर चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत, म्हणजे चाकाखाली काटा राहत नाही. पाहुण्यांच्या गाडीच्या मापाने पंजा कोण घेतं?"

"पाहुना नही तो," नाना एकदम चिडले. "घरना शे."

मग हळूहळू सगळं निघालं. बोरी नदीच्या काठावर त्यांचं गाव. नाव सांगत नाही, उगाच तिथली माणसं माझ्या अंगावर यायची. पूर्वी त्यांची अख्खी गल्ली एका कुळाची होती. कोणी सुरतेला गेलं, कोणी पुण्याला, कोणी जळगावला, आणि गल्लीत राहिले एकटे नाना. रुक्माबाई, त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. गल्लीतल्या सगळ्या कुलपांच्या किल्ल्या नानांकडे. दिवाळीला सगळ्यांच्या उंबऱ्यावर पणत्या हेच लावतात, एकटेच, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी ऐकताना म्हटलं, काय पाहायला ठेवता हो त्या पणत्या? म्हणाले, अंधार बरा दिसत नाही.

वर्षातून एकदा मात्र कुळ गोळा व्हायचं, श्रावणात कानबाईला. खान्देशातल्या माणसाला हे सांगायला नको, पण बाहेरच्याला सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. भाऊबंद जिथे असतील तिथून मूळ घरी येतात. नानांच्या कुळाची कानबाई, म्हणजे ते जुनं श्रीफळ, नानांच्या देवघरात. थोरल्या भावाने मरताना सांगितलं होतं, हिला एकटी सोडू नको. म्हणून नानांनी गाव सोडलं नाही. मुलीने किती वेळा बोलावलं, गेले नाहीत.

आणि गावाचा रस्ता वेड्या बाभळीने खाल्ला. डांबरीपासून गल्लीपर्यंतचा कच्चा रस्ता दोन्ही बाजूंनी इतका मिटला की मोटरसायकलवर सुद्धा वाकून जावं लागायचं. गेल्या साली कानबाईला आकाश आला, गाडीला चरे पडले, आणि तो झुडपातूनच मागे फिरला. मग फोनवर म्हणाला, नाना, रस्ता झाला तर पुढच्या वर्षी येतो, सुरतवाल्यांनाही आणतो. नाहीतर कानबाई पिंप्राळ्यालाच बसवू.

म्हणजे बघा, म्हाताऱ्याची सगळी मदार त्या पंज्यावर. श्रावणाच्या आत रस्ता मोकळा झाला तर कुळ घरी येणार, नाहीतर कानबाईही जाणार आणि नाना त्या कुलपांमध्ये एकटेच उरणार. मला त्यांची दया आली आणि रागही आला. दया आली की मी जास्तच तडकते.

"चार फुटी देईन," मी म्हटलं. "सहा फुटी देणार नाही. कपाळमोक्ष करून घ्यायचा असेल तर दुसरीकडे जा."

गेले. खरंच गेले, सुतळी उचलून. भूपेंद्र माझ्याकडे नुसते बघत राहिले. मी म्हटलं, बघता काय, चहा टाका.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घेऊन हजर! एवढ्या लांबून त्या छोट्या ट्रॅक्टरवर ऊन खात आले होते. भूपेंद्रनी युक्ती काढली. दुकानात एक जुनं फाटक पडलं होतं, सुतळीएवढंच रुंद. ते बकेटला साखळीने बांधलं, एका टोकाला लोखंडी जाड तुकडे लटकवले, आणि नानांना सांगितलं, उचला. नानांनी लिव्हर ओढला. बकेट वर चढलं, ट्रॅक्टर कलला आणि मागचं एक चाक जमिनीवरून सुटलं. "उतार, उतार!" नाना स्वतःवरच ओरडायला लागले, जणू लिव्हर दुसऱ्याच्या हातात होता. मला हसू आवरेना. शेजारचा पंक्चरवालाही येऊन हसला.

"बाभूळ दोन्ही टोकाला सारखी कधी अडकते का, नाना?" भूपेंद्र म्हणाले. "एका बाजूला अडकली की रुंद पंजा असाच पिळतो. चार फुटी घ्या. एकदा इकडून जा, एकदा तिकडून. दोन फेऱ्यांत आकाशची गाडी काय, एस.टी. निघेल."

नानांनी सुतळी बोटांभोवती गुंडाळली आणि म्हणाले, "बरं. पन श्रावननी आत व्हवाले पाहिजे." आम्ही हातातलं बाकीचं काम बाजूला सारलं आणि पंजा बनवून दिला.

त्यानंतर फोन सुरू झाले. "माय, आज विहिरलोंग उनू." मी म्हणायची, वा! विहिरीपर्यंत आलात! दुसऱ्या दिवशी, "माय, आज देवळालोंग." बाभळीचं एकेक खोड मुळासकट निघालं की ते मला सांगायचे, जसं मुलगा शाळेतून आल्यावर आईला सांगतो. टायरला काटा लागला का विचारलं की अभिमानाने म्हणायचे, एकबी नही. एकदा दाता वाकला म्हणून पंजा ट्रॉलीत टाकून घेऊन आले. मी पाहिलं, भूपेंद्रनी पाहिलं. दाता सरळ होता. भूपेंद्रनी तो तरी तापवला, दोन घाव घातले आणि म्हणाले, झाला. नाना दुकानात दुपारपर्यंत बसले, भजी खाल्ली, येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाशी बोलले. जाताना म्हणाले, कानबाईला दर्शनाला या दोघं. मी म्हटलं, येऊ.

आणि त्या रविवारी आम्ही मोटरसायकलवर गेलो. खरं सांगते, रस्ता पाहून माझा ऊर भरून आला. डांबरीपासून थेट गल्लीपर्यंत लांब-रुंद मोकळी वाट, कडेला वाळलेल्या बाभळीचे ढीग व्यवस्थित रचलेले. नाना आंघोळ करून नवं धोतर नेसून ओट्यावर उभे होते. गल्लीतली सगळी कुलपं काढून दारं उघडी ठेवली होती, आलेल्यांना उतरायला जागा हवी ना.

घरात पीठ तयार होतं. कानबाईच्या रोटांचं, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, पीठ मोजायची रीत असते: त्यांच्यात कुळातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू, मग तो इथे असो नाहीतर परदेशात. आणि रोट कुळातच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. घरात बाईमाणूस नाही, म्हणून नाना पहाटेच स्वतः जात्यावर बसले होते. सुरतेला उन्हाळ्यात जन्मलेल्या, ज्याचं तोंडही त्यांनी पाहिलं नव्हतं, त्या बाळाची मूठही त्यात होती. परात काठोकाठ भरली होती.

गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा नाना अनवाणीच पळाले. आकाशची गाडी, पांढरी, भली मोठी, कुठेही न खरचटता दारापर्यंत आली. तो उतरला, त्याची बायको मृणाली उतरली. बाकी कोणी नाही. मागून आणखी गाड्या येत असतील म्हणून नाना वाटेकडे बघत राहिले.

"नाना, रस्ता एक नंबर केलात!" आकाश पाया पडला. "अहो, सगळे पिंप्राळ्याला जमलेत. सुरतवाले कालच आले, पुण्याचेही आले. इतक्यांची इथे सोय कशी होणार? पाणी नाही, लाइट जाते. म्हटलं, देवीला घेऊन जाऊ."

"तू बोलना व्हता," नाना म्हणाले, "रस्ता व्हयना ते..."

"हो ना, रस्ता झाला म्हणून तर गाडी आतपर्यंत आणता आली. नाहीतर चौरंग, घागरी, एवढं सामान डोक्यावरून न्यावं लागलं असतं."

तो वाईट मुलगा नाही हो, आणि त्यामुळेच माझ्या डोक्यात जास्त तिडीक गेली. त्याला कळतच नव्हतं आपण काय बोलतोय ते. दोघांनी मिळून सामान गाडीत भरलं. मागची सीट आडवी केली, चौरंग, समया, पितळेची भांडी लावली. नानांनी परातीकडे बोट दाखवलं, तर मृणाली गोड आवाजात म्हणाली, "पीठ राहू द्या, नाना. तिकडे झालंय सगळ्यांचं. तुमची मूठही धरलीय." आणि आकाश म्हणाला, "तुम्ही बसने या. गाडीत आता जागा नाही. संध्याकाळपर्यंत सहज पोचाल."

"अहो, देवी नेता आणि माणूस ठेवून जाता?" मी म्हटलंच. "लाज नाही वाटत?"

आकाशने माझ्याकडे असं पाहिलं, ही कोण? नाना मध्ये पडले. "माय, गप ऱ्हाय." आत गेले, देवघरातलं श्रीफळ उपरण्यात गुंडाळून आणलं आणि मृणालीच्या मांडीवर ठेवलं. "संभाळजो," एवढंच म्हणाले. गाडी वळवायलाही अडचण आली नाही. इतका रस्ता रुंद झाला होता.

भूपेंद्र म्हणाले, "नाना, मी पिंप्राळ्याला सोडतो तुम्हाला, आत्ताच निघू." नानांनी मान हलवली. नको. मग चूल पेटवली आणि पीठ मळायला बसले. मी पुढे झाले तर हाताने मला थांबवलं. म्हाताऱ्या हातांनी त्यांनी स्वतः रोट थापले, भाजले, तूप सोडलं, आणि दोन ताटं आमच्यापुढे ठेवली.

मी दचकले. "नाना, आम्हाला कसं चालेल? आम्ही तुमच्या कुळाचे नाही."

"कुळ गयं, माय. गाडीमा बशीसन गयं," नाना म्हणाले आणि रडायला लागले. मोठ्याने, तोंड न लपवता.

भूपेंद्रनी पहिला घास घेतला, मग मीही घेतला. नानांनी धोतराच्या टोकाने डोळे पुसले, तव्यावरचा आणखी एक रोट माझ्या ताटात टाकला आणि कुळाच्या भरल्या परातीकडे हात करून म्हणाले, "ल्या, लाजू नका. बठ्ठं पडेल शे."