घोंगड्यामागची राजकन्या

आमचं नाटक बंद पडून जमाना झाला. तरी चाकुरात कुणी भेटलं की म्हणतंय, "काका, त्या बसव्याचा किस्सा सांगा." कोणता सांगू? त्या सालात कडबा न्हवता, किस्से मात्र गंजीनं!

लातूर जिल्हा नवा झाला, पाठोपाठ दुष्काळ पडला. लेकरं हसावीत म्हणून आम्ही परीकथेचं नाटक बसवलं. राक्षसीण राजकन्येला राजपुत्र करून टाकती, शेवटी जादूगार मंत्र मारून तिला परत राजकन्या करतो. जादूगार मी. राजपुत्र अन् राजकन्या, दोन्ही एकटा बसवराज. शंकरप्पा किराणावाल्याचा पोरगा. दोघं घोंगडं धरायचे, त्याच्यामागं हा लुगडं नेसायचा.

*

प्यायलाच पाणी न्हाई, तोंडाचा रंग कशानं धुवावा? सकाळी बसव्या तसाच काजळ-पावडरीत दुकानावर बसला. जळकोटचं गिऱ्हाईक आलं. "ताई, पावशेर गूळ द्या."

बसव्यानं गूळ दिला. वर म्हणाला, "पुन्हा या, दादा!"

शंकरप्पा मागंच उभा. "परत लुगडं नेसलास तर घराची पायरी चढायची न्हाई!"

बसव्या नेसला. अन् वळकटी घेऊन माझ्या ओसरीवर आला.

*

टँकरवर बायांची रांग वेगळी, गड्यांची वेगळी. बसव्या रंगल्या तोंडानं बायांच्या रांगेत. सरपंच खेकसला, "ए, तू इकडं कुठं?"

मागची म्हातारी म्हणाली, "तुम्ही घागरी बघा. तोंडं कशाला बघून राहिलाव?"

*

लिंगायताचं घर, त्यामुळं बसव्याच्या गळ्यात शिवलिंगाची चांदीची डबी. मी म्हणालो, "राजकन्या होताना काढून ठेव."

"का? आईच्याबी गळ्यात हाय."

मंग म्हणलं, राहू दे. घोंगडं खाली आलं की पोरं डबी बघून ओरडायची, "त्योच हाय! त्योच हाय!"

*

देगलूरला मी मंत्र सुरू केला अन् एक चिमुरडी उठली. "ओ जादूगार, त्याला विचारलं का?"

"गप बस. नाटकात न्हाई तसं."

पोरं ऐकंनात. शेवटी विचारलं, "बोल रे, तुला राजकन्या व्हायचंय का?"

बसव्या म्हणाला, "मी हायच. तुम्हाला दिसंना, म्हणून मंत्र."

हे वाक्य कुणी लिहिलं न्हवतं. मी गुमान मंत्र मारला.

*

मंग लातूरचा खेळ. मैदान गच्च. घोंगडं वर गेलं, अन् फटीतून बसव्याला पहिल्या रांगेत बाप दिसला.

मी मंत्र म्हणलो. घोंगडं खाली येईना. परत म्हणलो. आतून आवाज आला, "काका, मी न्हाई येत." घोंगडं धरणारे एकमेकांकडं बघायला लागले. लोक शिट्ट्या मारायला लागले.

शंकरप्पा उठला. मला वाटलं, आता चप्पल येती. तो सरळ स्टेजवर चढला, घोंगड्यापाशी थांबला, धोतराचा सोगा नीट केला.

म्हणाला, "ये माय, बाहेर ये. माणसं खोळंबलीत."